डिप्लोमानंतर मोठ्या कंपनीत अप्रेंटिसशिप: अर्जापासून प्रमाणपत्रापर्यंत

२०२४ च्या पावसाळ्यात मेकॅनिकल डिप्लोमाचा निकाल हातात घेऊन मी करमाळा तालुक्यातल्या आमच्या गावातून चाकणला आले. एका मोठ्या वाहन कंपनीच्या इंजिन प्लांटमध्ये वर्षभर शिकाऊ उमेदवार होते. आता त्याच पट्ट्यात दुसऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी करते. निकाल लागले की गावाकडून फोन सुरू होतात, "ताई, अप्रेंटिसचं कसं करायचं?" फोनवर पाच मिनिटांत सगळं सांगून होत नाही आणि महत्त्वाचं तेच राहून जातं. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

एक गोष्ट आधीच सांगते. कंपनी तुम्हाला शिकवायला कायद्याने बांधील आहे, पण शिकवून घ्यायचं काम तुमचं तुम्हालाच करावं लागतं. वर्ष वाया गेलेली मुलं मी पाहिली आहेत. ती आळशी नव्हती. काय मागायचं हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

१. तुम्ही नेमके कुठल्या प्रकारात बसता ते बघा

आयटीआय झालेले ट्रेड अप्रेंटिस होतात. त्यांची योजना एनएपीएस, म्हणजे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना, पोर्टल वेगळं, आणि शेवटी परीक्षा असते. डिप्लोमावाले टेक्निशियन अप्रेंटिस आणि बीईवाले ग्रॅज्युएट अप्रेंटिस. या दोघांची योजना नॅट्स, म्हणजे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजना. ती शिक्षण मंत्रालयाखाली चालते. महाराष्ट्र आणि गोव्याचं काम मुंबईत सायनला असलेल्या बोट (बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग) या पश्चिम विभागीय मंडळाकडे आहे. सगळ्याच्या मुळाशी १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. पदवी आणि डिप्लोमावाले त्यात १९७३ च्या दुरुस्तीने आले. पुढे मी जे सांगते ते मुख्यतः नॅट्सचं आहे.

इथेच पहिला खड्डा आहे. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, कुठेही जा, गेटवर "ट्रेनी पाहिजेत" अशा पाट्या दिसतात. ट्रेनी म्हणजे अप्रेंटिस नव्हे. बऱ्याचदा ती ठेकेदारामार्फतची भरती असते, करार कुठे नोंदवलेला नसतो आणि वर्षानंतर हातात सरकारी प्रमाणपत्र पडत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत एचआरला सरळ विचारा, "माझा करार नॅट्सच्या पोर्टलवर नोंदवणार का?" उत्तर गोलमोल आलं तर समजून जा. राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली, तीही वेगळी आहे. दोन्हींची गल्लत करू नका.

थेट दुसऱ्या वर्षाला डिग्रीला जायचं की अप्रेंटिसशिप करायची, हे निकालानंतरच्या आठवड्यातच घरी बसून ठरवा. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाही. पूर्णवेळ डिग्री चालू असताना असा करार करता येत नाही. माझ्या वर्गातल्या दोघांनी प्रवेशाच्या फेऱ्यांची वाट बघत सप्टेंबर घालवला. तोवर चांगल्या कंपन्यांच्या जागा भरून गेल्या होत्या.

२. कागदपत्रं एका फाइलमध्ये लावा

मूळ प्रती आणि प्रत्येकी तीन झेरॉक्स. शिवाय सगळ्यांचे स्वच्छ स्कॅन मोबाइलमध्ये ठेवा.

- आधार कार्ड, चालू मोबाइल नंबर जोडलेलं
- पॅन कार्ड
- दहावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला
- डिप्लोमाच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका आणि पास झाल्याचं प्रमाणपत्र (ते आलं नसेल तर कॉलेजकडून प्रोव्हिजनल)
- लागू असेल तर जातीचा दाखला
- बँक पासबुकाचं पहिलं पान
- पासपोर्ट आकाराचे आठ-दहा फोटो
- काही कंपन्या पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी मागतात. अर्ज लवकर टाका, वेळ लागतो.

आता दोन गोष्टी, ज्यांत आपली मुलं हमखास अडकतात.

पहिली नावाची. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकांचं स्वतःचं नाव आधी. त्यात कुठे वडिलांचं नावच नाही, कुठे स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडेतिकडे. पोर्टलवर नाव आधारशी जुळवून पाहिलं जातं. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर तपासा. चूक सापडली तर आधार दुरुस्तीला आजच जा, बोलावणं आल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

दुसरी बँकेची, आणि ही मला स्वतःला नडली. विद्यावेतनातला सरकारी वाटा थेट आधारला जोडलेल्या खात्यात येतो. "माझं खातं आधारला लिंक आहे" एवढं पुरत नाही. तुमची चार खाती असली तरी सरकारी पैसे एकाच खात्यात जातात. डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार शेवटी ज्या खात्याला जोडलंय, त्यात. माझं जोडलेलं होतं शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या गावच्या खात्याला. ते कित्येक वर्षं वापरात नसल्याने बंद पडलं होतं. मी कंपनीला दिलं चाकणच्या नव्या खात्याचं पासबुक. कंपनीचा वाटा वेळेवर यायचा, सरकारी वाटा चार महिने आलाच नाही. शेवटी शाखेत जाऊन आधार सीडिंगचा फॉर्म भरला, तेव्हा मार्ग मोकळा झाला. शाखेत विचारताना हेच शब्द वापरा, "डीबीटीसाठी आधार सीडिंग याच खात्याला आहे का?"

३. नोंदणी आणि अर्ज

नॅट्सच्या पोर्टलवर विद्यार्थी म्हणून नोंदणी करा. ती मोफत आहे. नोंदणी झाली की एनरोलमेंट नंबर मिळतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, वर्षभर लागतो. नोंदणी करून गप्प बसू नका, कंपन्या शोधून एकेका जागेला वेगळा अर्ज करावा लागतो.

सरकारी कंपन्यांकडेही बघा. माझगाव डॉक, ओझरचं एचएएल, आयुधनिर्माण कारखाने, वीज कंपन्या अप्रेंटिस घेतात आणि जाहिराती त्यांच्या संकेतस्थळांवर येतात. निवड बहुतेक वेळा डिप्लोमाच्या गुणांवर होते. खाजगीत पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव, नाशिक, छत्रपती संभाजीनगर इथल्या वाहन आणि सुट्या भागांच्या कंपन्या मोठ्या संख्येने घेतात. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे आणि प्रमाण एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान ठेवायचं असतं. म्हणजे तुम्ही दारात उभे राहता ते उपकार मागायला नाही. जागा काढणं ही त्यांचीही गरज आहे.

"दहा हजार द्या, आत लावतो" म्हणणारा माणूस कितीही ओळखीचा असो, त्याला पैसे देऊ नका. या प्रक्रियेत कुठेही उमेदवाराने पैसे भरायचे नसतात.

४. मुलाखत आणि मेडिकल

अवघड काही विचारत नाहीत, पण पाया बघतात. व्हर्निअरचा लीस्ट काउंट, मायक्रोमीटर कसा वाचायचा, फर्स्ट अँगल प्रोजेक्शन, फिट म्हणजे काय, फोर स्ट्रोक इंजिन, आणि तुमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट. प्रोजेक्ट विकत आणलेला असेल तर दुसऱ्या प्रश्नालाच उघडं पडतं. मराठीत उत्तर दिलं तरी चालतं. मी दिलं, कुणी हरकत घेतली नाही.

मेडिकलला डोळे, रंग ओळखणं, रक्त, एक्स-रे होतो. चष्मा असेल तर घालूनच जा.

५. करार सही करण्याआधी वाचा

आम्ही बत्तीस जण एका हॉलमध्ये होतो. "इथे, इथे आणि इथे सही करा" म्हटलं आणि सगळ्यांनी केली. मीही. घरी येऊन वाचलं. तुम्ही तिथेच दहा मिनिटं मागून घ्या आणि एवढं बघा:

मुदत किती आहे. डिप्लोमासाठी साधारण एक वर्ष असते.

विद्यावेतन किती आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणे डिप्लोमाधारकाला महिन्याला किमान ८,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये. या किमान रकमेचा अर्धा वाटा केंद्र सरकार देतं. कंपनी जास्त देऊ शकते, कमी नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने या रकमा ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली, म्हणून सहीच्या दिवशी लागू असलेला आकडा पोर्टलवर तपासा.

तुम्ही कायद्याने कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहात (कलम १८). त्यामुळे पीएफ कापला जात नाही आणि तो मिळतही नाही. पण कामावर दुखापत झाली तर भरपाई देण्याची जबाबदारी मालकाची आहे (कलम १६). तुम्हाला ओव्हरटाइम लावायचा असेल तर या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याची, म्हणजे शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची, मंजुरी लागते (कलम १५). "डबल ड्यूटी कर रे, माणूस नाही" असं सुपरवायझर सहज म्हणून जातो, तेव्हा हे माहीत असू द्या.

वर्षानंतर नोकरी मिळेलच असं कायदा म्हणत नाही (कलम २२). कायम करण्याबाबत कंपनीचं धोरण काय, ते सहीआधी विचारा. "चांगलं काम केलं तर बघू" हे धोरण नाही.

कराराची प्रत मागून घ्या. पोर्टलवर तुमच्या लॉगिनला करार दिसतो का, हे महिन्याभरात तपासा. दिसत नसेल तर एचआरच्या मागे लागा, कारण जे पोर्टलवर नाही त्याचं प्रमाणपत्र निघत नाही.

६. राहणं, खाणं, येणं-जाणं

कंपनीची बस कुठून जाते ते आधी विचारा, मग खोली बघा. आमच्या बॅचच्या काहींनी स्वस्त म्हणून लांब खोली घेतली आणि पहाटेच्या शिफ्टला रिक्षात पैसे घातले. आम्ही चौघी मोशीत राहिलो, बसस्टॉपपासून सात मिनिटांवर. डिपॉझिटची पावती घ्या. कंपनीत कँटीन असतं, म्हणून मेस दोन्ही वेळची लावू नका, एक वेळचा डबा पुरतो. पहिलं विद्यावेतन हातात यायला दीड-दोन महिने लागू शकतात. तेवढ्या खर्चाची सोय करूनच घर सोडा.

मुलींसाठी एक. पालकांना घेऊन एकदा कंपनीच्या गेटपर्यंत या, बस दाखवा, खोलीची मालकीण दाखवा. माझे वडील एकदा येऊन बघून गेले आणि त्यानंतर घरून "परत ये" असा फोन एकदाही आला नाही.

७. पहिला आठवडा: सेफ्टी मनावर घ्या

पहिले काही दिवस वर्गात बसवतात आणि मुलं डुलक्या काढतात. काढू नका. केस पूर्ण टोपीच्या आत. अंगठी, घड्याळ, बांगड्या, गळ्यातला दोरा काढून लॉकरमध्ये. सेफ्टी शूज मापाचेच मागा, एक नंबर मोठे घालून आठ तास उभं राहता येत नाही. फिरत्या मशीनवर, म्हणजे ड्रिल किंवा लेथवर, हातमोजे घालायचे नाहीत. मोजा अडकला की हात ओढला जातो. हे नव्या मुलांना उलटं वाटतं, म्हणून मुद्दाम सांगते. चिप, म्हणजे कापलेल्या धातूचा बारीक तुकडा, कधीही हाताने काढायची नाही, ब्रश वापरायचा. आणि मशीन बंद करून लॉक लावल्याशिवाय आत हात जाता कामा नये, मग शेजारचा कितीही म्हणो, "काही होत नाही."

८. लाइनवर: इथेच वर्ष कमावता किंवा घालवता

कायद्याप्रमाणे तुम्हाला प्रशिक्षणाचा ठरलेला कार्यक्रम असतो. कुठल्या विभागात किती आठवडे, हे त्यात लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात लाइनवर माणूस कमी असला की अप्रेंटिसला तिथे उभं केलं जातं आणि तो तिथेच राहतो. मी दहा आठवडे एका असेंब्ली स्टेशनवर बोल्ट टाइट करत होते. जॉब (ज्यावर काम करायचं तो भाग) आला, सहा बोल्ट, हिरवा दिवा, पुढचा जॉब. पहिल्या तीन दिवसांत जे शिकण्यासारखं होतं ते शिकून झालं होतं.

भांडून किंवा रडून हे सुटत नाही. माझ्या मैत्रिणीने चिडून सोडून दिलं. तिचा जुना करार पोर्टलवर रद्द व्हायलाच कित्येक आठवडे गेले आणि तोवर तिला दुसरीकडे करार करता आला नाही. मी ट्रेनिंग विभागाकडून माझ्या शेड्यूलची प्रत मागून घेतली आणि शिफ्ट इन्चार्जना दाखवली. म्हटलं, "सर, हे स्टेशन मला जमलंय. शेड्यूलमध्ये या महिन्यापासून मशीन शॉप आहे. माझ्या जागी कुणाला तयार करायचं असेल तर मी शिकवते, पण मला पाठवा." तेच अर्जावर लिहून एक प्रत ट्रेनिंग विभागाला दिली. दोन आठवड्यांत बदली झाली. मागणी कागदावर असली, तारखेसह असली आणि त्यांची अडचण सोडवणारी असली की ऐकली जाते.

आता शिकायचं कुणाकडून? इंजिनिअर लोकांना सर-मॅडम म्हणा, त्यांच्याकडून रिपोर्ट कसे करायचे ते शिका. पण मशीन शिकायचं ते जुन्या ऑपरेटरांकडून. त्यांना काका म्हणा, दादा म्हणा, त्यांच्याबरोबर जेवायला बसा. "मी डिप्लोमा आहे, तुम्ही आयटीआय" हा भाव चुकूनही चेहऱ्यावर येऊ देऊ नका.

आमच्या लाइनवर अ‍ॅल्युमिनियमच्या एका हाउसिंगची, म्हणजे बाहेरच्या आवरणाची, लीक टेस्ट (गळतीची चाचणी) व्हायची. एका आठवड्यात रिजेक्शन एकदम वाढलं. सीलिंग फेसची फ्लॅटनेस, म्हणजे सपाटपणा, मर्यादेबाहेर जात होती. सगळ्यांचा संशय टूलवर. टूलची पाती म्हणजे इन्सर्ट बदलले, टूलच्या मापाचे ऑफसेट तपासले, तरी तेच. लाइनवर वीसेक वर्षं काढलेले एक काका होते. त्यांनी मशीन थांबवलं, लॉक लावलं, दार उघडलं आणि मला म्हणाले, "ये इकडे. रेस्ट पॅडवरून बोट फिरव."

जॉब ज्यांवर टेकतो त्या चारपैकी तीन पॅड काचेसारखे गुळगुळीत लागले. चौथ्यावर बोटाला काहीतरी अडलं. डोळ्यांना दिसत नव्हतं. एक बारीक चिप दाबली जाऊन पापुद्र्यासारखी पॅडला चिकटली होती. काकांनी समजावलं. जॉब त्या चिपवर बसला की एका कोपऱ्यात उचलला जातो. क्लॅम्प त्याला दाबून धरतो, म्हणजे जॉब किंचित वाकतो. कटर फेस सपाटच मारतो. पण क्लॅम्प सुटला की जॉब आपल्या मूळ आकारात परत येतो आणि सपाट मारलेला फेस वाकडा होतो. मशीनवर सगळं बरोबर आणि गेजवर सगळं चूक, ते यामुळे. मग चिप तिथे राहिली कशी? जॉब धरून ठेवणारं फिक्स्चर धुणाऱ्या कूलंटच्या नोझलचं तोंड जरासं फिरलं होतं, धार त्या कोपऱ्यापर्यंत पोचतच नव्हती.

तीन वर्षांच्या डिप्लोमात फिक्स्चरवर मी पानंच्या पानं लिहिली होती. ते समजलं त्या दिवशी, बोटाच्या टोकाला.

त्या रात्री खोलीवर जाऊन मी सगळं वहीत उतरवलं, आकृतीसकट. नोझलची योग्य दिशा दाखवणारी पिवळी खूण करावी आणि शिफ्टच्या सुरुवातीच्या चेकशीटमध्ये ती बघण्याची एक ओळ घालावी, असं सुचवलं. काकांच्या आणि माझ्या नावाने ते कायझेन, म्हणजे कामातली छोटी सुधारणा, म्हणून नोंदलं गेलं. पुढे नोकरीच्या मुलाखतीत मला गुण कुणी विचारले नाहीत. वीस मिनिटं या एकाच गोष्टीवर प्रश्न झाले.

म्हणून वही ठेवा. दोनशे पानी साधी वही पुरते. डाव्या पानावर आज काय केलं, उजव्या पानावर काय कळलं नाही. उजवं पान घेऊन दुसऱ्या दिवशी कुणाला तरी गाठायचं. कंपनीची ड्रॉइंग किंवा फोटो मात्र वहीत चिकटवू नका आणि मोबाइलमध्ये काढू नका. आतली माहिती बाहेर नेणं हा गंभीर गुन्हा मानला जातो, आमच्या बॅचमधल्या एका मुलाला त्यावरून घरी पाठवलं.

वर्षभरात निदान एवढं हाताखालून जाऊ द्या: बोअर गेज आणि डायल सेट करणं, एका मशीनचं टूल बदलणं आणि ऑफसेट देणं, कंट्रोल प्लॅन (काय, कधी, कसं तपासायचं याचा तक्ता) वाचणं, एका दोषाचं व्हाय-व्हाय विश्लेषण (पुन्हा पुन्हा "का?" विचारत मूळ कारण शोधणं) स्वतः लिहिणं, आणि एक्सेल. एक्सेल येत असेल तर इंजिनिअर मंडळी स्वतःहून बोलावतात आणि त्यातून मीटिंगमध्ये बसायला मिळतं.

९. शेवटचे दोन महिने

प्रगतीचा अहवाल दर तिमाहीला पोर्टलवर जायला हवा. तो कंपनीने भरायचा असतो, पण राहून गेला तर अडतं तुमचं. दहाव्या महिन्यात लॉगिन करून सगळ्या तिमाह्या भरल्या आहेत का ते बघा.

कंपनी आपल्या लेटरहेडवर एक प्रशिक्षण प्रमाणपत्र देते. ते घ्याच, पण ते म्हणजे सगळं नव्हे. खरं लागतं ते बोटचं प्रावीण्य प्रमाणपत्र. जाहिरातींत "अप्रेंटिसशिप पूर्ण केलेली असावी" असं असतं तेव्हा हेच मागतात. त्यावरचं नाव, शाखा आणि मुदतीच्या तारखा डोळ्यांत तेल घालून तपासा. नोकरीचे अर्ज दहाव्या महिन्यापासूनच सुरू करा. कंपनी घेईल या आशेवर शेवटच्या दिवसापर्यंत थांबलेली मुलं नंतर दोन-तीन महिने घरी बसली.

शेवटच्या दिवशी नो ड्यूज फॉर्मवर स्टोअर, कँटीन, ट्रेनिंग, टाइम ऑफिस अशा सगळ्यांच्या सह्या लागतात. लॉकरची चावी, ओळखपत्र आणि दिलेली टूल्स आदल्या दिवशीच एका पिशवीत भरून ठेवा. सह्या घ्यायला सकाळीच जा. दुपारच्या शिफ्ट बदलाच्या वेळी टाइम ऑफिसच्या खिडकीसमोर एवढी गर्दी असते की तुमचा नंबर लागेपर्यंत शेवटची बस निघून जाते.